परड्याचे लाकडी कुंपण : कामाच्या नोंदी, खानापूर (जि. बेळगाव)

रविवार, २ मार्च २०२५

परड्याच्या उत्तर बाजूची बांबूची वई यंदा पुन्हा कुजली. गेली सहा वर्षे दर पावसाळ्यानंतर आम्ही नवे बांबू आणून ती बांधत आलो आहोत, आणि दर वेळी ती जमिनीला टेकलेल्या जागीच काळी पडून मोडते. मागच्या बाजूला आजोबांच्या काळचा शेर, म्हणजे कुंपणाला लावतात ते चिकाचे झुडूप, आहे. तो जगतो, पण मधूनमधून विरळ झाल्यामुळे शेळ्या आत येऊन हळदीचे वाफे तुडवतात आणि त्याचा चीक डोळ्यांत जाण्याची भीती लहान मुलांमुळे सतत वाटते. म्हणून या वर्षी पावसाच्या आत लाकडी पट्ट्यांचे कायमचे कुंपण स्वतः बांधायचे ठरवले आहे. शाळेमुळे कामाला रविवारच मिळणार, त्यामुळे हातात साधारण बारा-तेरा दिवस आहेत. प्रत्येक दिवसाची नोंद येथे ठेवतो.

आज फक्त मापे घेतली. उत्तर बाजू ४८ फूट, मागची बाजू २१ फूट. मागच्या बाजूला साडेतीन फुटांचे फाटक हवे, म्हणजे तेथे कुंपणाला साडेसतरा फूट उरतात. उत्तर बाजूला सहा-सहा फुटांचे आठ गाळे केले तर नऊ खांब लागतात, मागे पाच फूट दहा इंचांचे तीन गाळे आणि फाटकाचा खांब धरून आणखी चार, असे एकूण तेरा खांब. हद्दीच्या दोन्ही दगडांमध्ये दोरी ताणली आणि कुंपणाची रेषा दोरीपासून सहा इंच आमच्या बाजूला घेतली. कोपरा काटकोनात आहे की नाही हे तीन, चार आणि पाच फुटांच्या त्रिकोणाने तपासले. उताराचा अंदाज पाणी भरलेल्या नळीने घेतला. ४८ फुटांत जमीन १४ इंच उतरते.

शेजारच्या अक्कांना दोरी लावण्याआधीच बोलावून घेतले होते. त्यांचे घर कानडी, आमचे मराठी, पण दोन्ही परड्यांचे पावसाचे पाणी एकच आहे: त्यांच्याकडून आमच्याकडे आणि आमच्याकडून मागच्या ओढ्याकडे. दोरीकडे त्यांनी फारसे पाहिले नाही, पायाखालच्या मातीकडे पाहून म्हणाल्या, "नीरु निल्लबारदु." पाणी थांबता कामा नये. कुंपणाच्या आराखड्यात मी हे धरलेच नव्हते. पट्ट्या जमिनीपासून तीन इंच वर ठेवीन आणि खाली कोठेही दगडाची ओळ रचणार नाही, असे त्यांना सांगितले. पट्ट्यांची बाजू त्यांच्याकडे आणि खांबांची बाजू आमच्याकडे ठेवायचेही ठरले.

रविवार, ९ मार्च २०२५

आजचा सगळा दिवस लाकडात गेला, आणि तो जायलाच हवा होता.

प्रथम हिशेब. खांब चार इंच चौरस आणि सात फूट लांब. अडीच फूट जमिनीत, साडेचार फूट वर. लांबीचा निदान तिसरा भाग जमिनीत हवा, असे सुतारमामा सांगतात, त्याला हे धरून आहे. तेरा खांबांचे होतात १०.१ घनफूट. आडवे दांडे तीन इंच रुंद आणि दोन इंच जाड. प्रत्येक गाळ्यात खाली एक, वर एक. बारा फुटी दहा आणि सहा फुटी दोन, मिळून साडेपाच घनफूट. उभ्या पट्ट्या चार फूट लांब, तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड. पट्टी तीन इंच आणि फट एक इंच धरली की दर चार इंचांना एक पट्टी लागते. उत्तर बाजूला १४४, मागे ५३, फाटकाला दहा. काही वाकतील, फुटतील म्हणून २२० घेतल्या. या मापाच्या सोळा पट्ट्यांचा एक घनफूट होतो, म्हणजे पावणेचौदा घनफूट. एकूण सुमारे साडेएकोणतीस घनफूट लाकूड.

वखारीत गेल्यावर मन सागवानाकडे ओढ घेते, पण सागवान या नावावर भुलून चालत नाही. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गडद गाभ्यात असतो. सालीलगतचे पांढरे लाकूड वाळवी आणि बुरशी इतर कोणत्याही लाकडासारखेच खाते. लागवडीच्या कोवळ्या सागाच्या चार इंची खांबात या पांढऱ्याचा वाटा मोठा असतो, आणि नेमका तोच भाग मातीला लागून राहतो. म्हणून खांबांसाठी नवे सागवान घेतले नाही. उतरवलेल्या जुन्या घरांचे लाकूड विकणाऱ्याकडे एका वाड्याच्या माळ्याच्या सागवानी तुळया मिळाल्या. वरून धुराने काळ्या, पण कोपरा तासून पाहिला तर आत मधाच्या रंगाचा घट्ट गाभा आणि सागाचा तो तेलकट वास. त्यातूनच तेरा खांब कापून घेतले. कापण्यापूर्वी तुळईतला प्रत्येक जुना खिळा शोधून उपटावा लागला, कारण एक जरी राहिला तरी करवतीचे पाते जाते.

दांडे आणि पट्ट्या अकेशियाच्या. आमच्या तालुक्यात रस्त्याकडेला, माळावर, वनखात्याच्या लागवडीत हे झाड सगळीकडे आहे आणि सॉ-मिलमध्ये सहज मिळते. लाकूड जड, दाणा आडवा-तिडवा, खिळा मारला की फुटण्याची खोड. पण जमिनीला न लागणाऱ्या कामाला ते चांगले चालते. पावती जपून ठेवली आहे. घरच्या फणसाकडे बोट दाखवून "हाच का कापत नाही?" असे एकाने विचारले. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार, सूट दिलेल्या काही जाती वगळता, स्वतःच्या जागेतले झाड तोडायलाही परवानगी लागते. शिवाय तो फणस आईने लावलेला आहे. कुंपणच त्याला सांभाळून जाईल.

रविवार, १६ मार्च २०२५

अकेशिया ओला आहे. मागच्या पडवीत विटांवर थर रचले. दोन थरांच्या मध्ये दर दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या काठ्या ठेवल्या, म्हणजे हवा चारी बाजूंनी फिरते, आणि वर वजनाला जुने दगडी पाटे ठेवले. ऊन थेट लागू दिलेले नाही, कारण उन्हात टोके आधी सुकून चिरतात.

रविवार, २३ मार्च २०२५

सुतारमामांना खांब दाखवले. त्यांनी एकेका खांबाचे टोक हातोडीने वाजवून पाहिले आणि म्हणाले, "वरचं लाकूड कुणीबी बघतंय सर, जमिनीजवळची वीतभर जागा बघा. खांब तिथंच मरतोय."

जुन्या वईचे बांबू पुन्हा काढून पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे डोळ्यांनी दिसले. खोल मातीतला भाग जवळजवळ शाबूत आहे, हवेतला भागही बरा आहे. मधली वीतभर जागाच पोकळ झालेली. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत हवा कमी, वर ओल कमी, आणि जमिनीच्या सपाटीशी दोन्ही भरपूर असतात. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती जागा कधी सुकतच नाही. तेव्हा या कुंपणातली सगळी मेहनत या वीतभर जागेवर करायची, बाकी काम साधे ठेवायचे, असे मी आज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

खांबांच्या पायांना काजूच्या टरफलांचे तेल लावले. चंदगड भागात काजूचे कारखाने आहेत आणि तेथून हे तेल आमच्याकडे येते. कोकणात होड्यांना ते पूर्वापार लावतात. काळे, चिकट आणि दाहक. कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून हातांना आधी खोबरेल चोळून त्यावर रबरी मोजे घातले आणि भाच्याला या कामापासून दूर ठेवले. लाकडाच्या आडव्या बाजूपेक्षा कापलेल्या टोकातून तेल कितीतरी पटींनी आत शिरते, कारण झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तेथे उघड्या पडलेल्या असतात. त्यामुळे नुसते फासून न थांबता, पत्र्याच्या डब्यात चार इंच तेल घेऊन तीन-तीन खांब त्यात उभे केले आहेत. एक दिवसाने बदलायचे. खालून साडेतीन फुटांपर्यंत ब्रशने दोन हात दिले, म्हणजे जमिनीच्या वर फूटभर तेल राहील.

डांबर लावण्याचा सल्ला दोघांनी दिला होता, तो मानला नाही. डांबराचा थर वरून घट्ट बसतो, पण त्याला एक चीर पडली की आत गेलेले पाणी बाहेर येऊ शकत नाही.

रविवार, ३० मार्च २०२५

पाडवा. गुढी उभारून झाल्यावर मुहूर्त म्हणून कोपऱ्याच्या खांबाचा खड्डा घेतला आणि सायंकाळपर्यंत तो एकच खांब उभा केला. आईने त्याला हळद-कुंकू लावले.

रविवार, ६ एप्रिल २०२५

दिवसभरात चार खड्डे. वरची लाल माती पहिल्या फुटात कुदळीला सहज येते, त्याखाली मुरूम लागतो, आणि वीस इंचांच्या पुढे जांभा. जांभ्यात कुदळ उडते. पहारीने टोचून, थोडे पाणी ओतून, घटकाभर थांबून पुन्हा टोचावे लागते. खड्डा फूटभर रुंद आणि तीन फूट खोल हवा, कारण अडीच फूट खांबाला आणि खालचे सहा इंच खडीला.

पाचव्या आणि सातव्या खांबांच्या मध्ये फणसाचे मनगटाएवढे मूळ आडवे आले. ते तोडले नाही. सहावा खांब दहा इंच पुढे सरकवला. त्या बाजूला एक गाळा सहा फूट दहा इंचांचा आणि दुसरा पाच फूट दोन इंचांचा झाला. बारा फुटी दांडा पाचव्यापासून सातव्यापर्यंत अखंड जाणार असल्याने हे चालते.

रविवार, १३ एप्रिल २०२५

भाचा आणि त्याचे दोन मित्र मदतीला आले, त्यामुळे उरलेले आठही खड्डे पूर्ण झाले आणि सगळे खांब उभे राहिले. पद्धत अशी ठेवली: तळाला सहा इंच खडी, तिच्यावर खांब सरळ टेकलेला, म्हणजे टोकातून आलेले पाणी खाली निघून जाईल. दोन बाजूंना ओळंबा धरून तिरके टेकू ठोकले आणि मग भराव घातला.

काँक्रीट की मुरूम, यावर सुतारमामा आणि माझ्यात बरीच चर्चा झाली. काँक्रीटने खांब घट्ट राहतो हे खरे. परंतु लाकूड सुकल्यावर आकसते, त्याच्याभोवती केसाएवढी फट पडते आणि पावसाचे पाणी तेथे पेल्यात साठावे तसे साठते. तळालाही काँक्रीट घातले असेल तर तो पेला पूर्ण होतो. मुरूम दर सहा इंचांच्या थराने, किंचित ओला करून, पहारीच्या बोथट टोकाने धुमसला तर आमच्या मातीत तो दगडासारखा बसतो आणि पाणीही जिरवतो. शेवटी मधल्या नऊ खांबांना मुरूम, आणि ओढ सहन करणाऱ्या चारांना, म्हणजे कोपरा, उत्तरेचा पहिला आणि फाटकाचे दोन, यांना भोवती काँक्रीट घातले. पाडव्याला कोपऱ्याचा खांब खडीवर फक्त टेकू देऊन ठेवला होता, त्यालाही आजच. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच वर घेऊन चारी बाजूंना उतार दिला. तळ मात्र खडीचा मोकळा.

दुपारी चारला पश्चिमेकडे आभाळ भरले आणि वळवाच्या पावसाची सर आली. काँक्रीटवर घाईने पोती व प्लास्टिक घातले.

रविवार, २० एप्रिल २०२५

आज माझी मोठी चूक लक्षात आली.

खांबांच्या बाहेरच्या अंगाला तीन इंच उंच आणि पाऊण इंच खोल खाचा पाडून त्यांत दांडे बसवायचे होते. खालचा जमिनीपासून दहा इंचांवर, वरचा चाळीस इंचांवर. जेथे दोन दांडे भेटतात तेथे दोघांचीही निम्मी जाडी चार इंचांपर्यंत कापून, एकावर एक बसवून, मधून एकच बोल्ट घालायचा बेत होता. पहिला सांधा कापल्यावर दुसऱ्या टोकाला दांडा पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत पोहोचेना. वखारीत मी बारा फुटांचे दांडे नेमके बारा फुटांचेच घेतले. प्रत्येक सांध्यात जाणारे चार इंच हिशेबात धरलेच नाहीत. खांब पुरलेले, काँक्रीट वाळलेले, त्यामुळे अंतर कमी करण्याची वाट बंद.

दांडे समोरासमोर टेकवून जोडायचे तर चार इंची खांबावर प्रत्येकाला दोनच इंच आधार मिळतो, आणि टोकाच्या इतक्या जवळ बोल्टाचे भोक पाडले तर अकेशिया फुटतो. एक फुटलाच. तो दांडा फाटकाच्या चौकटीसाठी बाजूला ठेवला आणि वखारीतून नवा मागवला.

रविवार, २७ एप्रिल २०२५

सुतारमामा मिळाले नाहीत. वैशाखातली शिवजयंती तोंडावर आली आहे आणि बेळगावच्या एका मंडळाच्या चित्ररथाचे लाकडी काम त्यांच्याकडे आहे. फोनवरच त्यांनी तोड सांगितली: दांडे खाचेत समोरासमोर टेकवायचे आणि सांध्यावर फूटभर लांबीची लोखंडी पट्टी घालायची, म्हणजे बोल्ट टोकापासून चार-पाच इंच आत जातात. खांबाला दांडा टोकाच्या भोकातून न आवळता खालून एक ठोकळा देऊन पेलायचा.

लोहाराकडून एक इंच रुंद, तीन मिलिमीटर जाड अशा आठ पट्ट्या करून आणल्या आणि त्यांवर जस्त चढवून घेतले. उत्तरेला तीन सांधे, मागे एक, वर-खाली मिळून आठ. हे सांधे मूळ बेतापेक्षा दिसायला जड आहेत, पण उभ्या पट्ट्यांखाली झाकले जातील आणि मजबुतीला कमी नाहीत.

रविवार, ४ मे २०२५

सगळे दांडे बसले. अखंड जाणाऱ्या खांबांवर सहा इंची बोल्ट आरपार, दोन्ही बाजूंना वायसर. खाचांच्या आत बसवण्यापूर्वी काजूचे तेल लावले, कारण खाच हीदेखील पाणी धरून ठेवणारी जागा आहे. दांडे जमिनीच्या उताराला समांतर घेतले. पायऱ्या केल्या असत्या तर उताराच्या बाजूला खाली मोठी फट राहून शेळीची करडे आत आली असती.

रविवार, ११ मे २०२५

पट्ट्या. आठ आठवड्यांत त्या चांगल्या सुकल्या. २२० पैकी आठ वाकल्या, तीन टोकाला चिरल्या. बाकीच्यांना रंधा मारून, वरचे टोक तिरपे कापून, कापलेल्या टोकांना आधी अळशीच्या तेलात बुडवून घेतले.

खिळ्यांऐवजी जस्त चढवलेले स्क्रू वापरले. साधा लोखंडी खिळा अकेशियातल्या तुरट द्रव्याशी ओलीत मिसळला की लाकडावर काळे ओघळ उतरतात, आणि खिळाही त्यातच खंगतो. प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडले. एका पट्टीला चार स्क्रू, म्हणजे जवळजवळ आठशे भोके. भाच्याने एक इंच जाडीचा ठोकळा फट मोजायला हातात धरला आणि मी ड्रिल मशीन. प्रत्येक दहाव्या पट्टीला ओळंबा लावला, कारण एक सूताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) फरक दहा पट्ट्यांनंतर सव्वा इंचाचा होतो. दिवसअखेर उत्तर बाजू पूर्ण झाली. अक्का पलीकडून पाहत होत्या. त्यांनी खालच्या फटीतून हात घालून तीन इंच मोजले.

रविवार, १८ मे २०२५

मागची बाजू आणि फाटक. फाटकाच्या चौकटीत तिरका दांडा खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे नेला. असा नेला की दाराचे वजन त्या दांड्याला दाबत खालच्या बिजागरीवर येते आणि लाकूड दाब उत्तम पेलते. उलटा नेला तर सांधे ओढले जाऊन दार लोंबते. फाटक बंद असताना खाली दोन इंच जागा ठेवली, कारण पावसात लाकूड फुगते.

खांबांचे माथे तिरके कापले होतेच. त्यांवर खानापुरी कौलाचे तुकडे कापून बसवले. येथल्या मातीचे कौल घराघरांवर आहे, आणि फुटक्या कौलांचा ढीग परड्यात वर्षानुवर्षे पडून होता.

रविवार, २५ मे २०२५

पाऊस माझ्या हिशेबाच्या आधी आला. नैऋत्य मोसमी वारे काल, २४ मे रोजीच केरळात पोहोचले, नेहमीच्या १ जूनपेक्षा आठ दिवस आधी. आणि आमच्याकडे तर गेल्या आठवड्यापासून सरी चालू आहेत. अळशीच्या तेलाचा पहिला हात, टर्पेंटाइन निम्मे घालून, उत्तर बाजूला गेल्या सोमवारी सुटीत देऊन झाला होता. मागची बाजू कोरडीच राहिली. ओल्या लाकडावर तेल लावले तर ते आत जात नाही आणि वर चिकट राहून बुरशी धरते, म्हणून मोह टाळला. ताडपत्री घालण्याचाही विचार सोडला, तिच्याखाली हवा कोंडते. तेलाच्या चिंध्या मात्र पाण्यात भिजवून मगच टाकल्या. अळशीच्या तेलाच्या चुरगळलेल्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

रविवार, ८ जून २०२५

दोन आठवड्यांच्या पावसानंतर छत्री घेऊन प्रत्येक खांबाचा पाय पाहिला. मुरमाचे खांब हलत नाहीत. काँक्रीटच्या माथ्यांवरून पाणी बाहेर ओघळते. अक्कांच्या परड्यातून येणारे पाणी पट्ट्यांखालून सरळ जाते, फक्त सातव्या खांबापाशी ते वळून भोवरा करते आणि तेथे वीतभर डबके साचले आहे. तेथे धुमसताना मुरूम थोडा खाली राहिला होता. डबके काढून, मुरूम भरून, खांबाभोवती उंचवटा केला आणि कुदळीने चार बोटे खोल चर ओढ्याच्या दिशेने काढला. अक्कांनी पलीकडून त्यांच्या बाजूचा चर त्याला जोडून दिला.

रविवार, १३ जुलै २०२५

आषाढाची झड. फाटक फुगून कडी अडकू लागली होती; कडीचे घर दोन सूत वर सरकवले. दांड्यांचे बोल्ट तपासले, अकेशिया फुगल्याने सगळे घट्टच आहेत. जानेवारीत सुकल्यावर पुन्हा आवळावे लागतील. मागच्या बाजूच्या बिनतेलाच्या पट्ट्या करड्या पडल्या आहेत आणि चार ठिकाणी खालच्या टोकांना हिरवट शेवाळ आहे. उत्तर बाजूला ते नाही. सातव्या खांबाच्या पायाशी चाकूचे टोक टोचून पाहिले: गाभा टणक आहे, चाकू शिरत नाही. चरात पडलेली फणसाची पाने काढली. पाऊस उघडल्यावर दिवाळीच्या सुटीत मागच्या बाजूला तेलाचे दोन हात आणि उत्तरेला दुसरा हात द्यायचा आहे. त्यासाठी अळशीचे तेल पाच लिटर आणून ठेवले आहे.